शेवाळी, मोरपंखी की गिळी हसिरु?

टीव्हीच्या दुकानात एका भिंतीवर दहा-बारा संच ओळीने लावलेले असतात. सगळ्यांवर एकच चित्र चालू असते आणि तरीही एकावरचे आकाश जांभळट, दुसऱ्यावरचे फिक्कट, तिसऱ्यावरची नटी कावीळ झाल्यासारखी पिवळी! गिऱ्हाईक पाच मिनिटे उभे राहून बघते आणि बहुतेक वेळा सर्वांत झगझगीत, किंचित निळसर संच घरी घेऊन जाते. दुकानदाराला हे ठाऊक असते, कंपनीला तर त्याच्याही आधी ठाऊक असते. म्हणून दुकानातले संच 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' अशा नावाच्या सेटिंगवर ठेवलेले असतात. भाजीवाला वांग्यांवर पाणी मारून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

मी लग्नामुंजीच्या व्हिडिओंचे संकलन करतो आणि जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेऊन देतो. त्यामुळे 'यातला खरा रंग कुठला?' हा प्रश्न मला रोज विचारला जातो. कधी 'शालू आमच्या टीव्हीवर राणी दिसतोय, तुमच्याकडं डाळिंबी होता' अशी तक्रार असते, कधी 'मोबाईलवर बघितलं तेव्हा बरं होतं' असा टोमणा. या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो आहे.

सगळ्या रंगांचे मूळ पांढऱ्यात आहे. पांढरा कुठला, हे एकदा ठरले की बाकीचे रंग आपापल्या जागी बसतात. आणि पांढरा काही एकच नसतो. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, मग पांढरे. अजून तापवता आले तर ते निळसर दिसू लागेल. या तापमानावरूनच प्रकाशाच्या पांढरेपणाला केल्विनचा आकडा देतात. लग्नातल्या जुन्या हॅलोजनचा प्रकाश ३२०० केल्विनचा, म्हणजे पिवळट. दुपारचे ऊन साडेपाच हजारांच्या आसपास. व्हिडिओच्या पडद्यासाठी जगभर ठरलेला पांढरा साधारण ६५०० केल्विनचा आहे. दुकानातला तो निळसर संच कित्येकदा नऊ-दहा हजारांच्या घरात असतो. त्याच्यासमोर ठरल्याप्रमाणे लावलेला संच ठेवला, तर ठरलेलाच पिवळा वाटतो. यात डोळ्याचा दोष नाही. समोर जो उजेड असेल त्यालाच पांढरा मानायचे, हा डोळ्याचा स्वभाव आहे.

शहापूर-वडगावातले साडीचे जुने दुकानदार हे पुस्तक न वाचता जाणतात. ट्यूबलाईटखाली साडी पसंत पडली की ते स्वतःच म्हणतात, 'वैनी, एकदा दारात उन्हाला नेऊन बघा, मग पैसे द्या.' दारात नेले की जांभळी वाटलेली साडी वांगी रंगाची निघते. कापड तेच असते, फक्त उजेड बदललेला असतो. २०१५ च्या फेब्रुवारीत एका ड्रेसच्या फोटोवरून अख्ख्या जगात वाद झाला होता, तो काहींना आठवत असेल. निम्म्यांना तो पांढरा-सोनेरी दिसत होता, निम्म्यांना निळा-काळा. प्रत्यक्षात ड्रेस निळा-काळा होता. फोटोत कुठला उजेड आहे याचा अंदाज प्रत्येकाचा मेंदू आपापल्या परीने करत होता. आमच्या घरी तर या वादात एका संध्याकाळी आमटी करपली!

दुसरी अडचण पडद्याची. त्याच्याकडे तीनच रंगांचे दिवे, लाल, हिरवा आणि निळा. बाकी सगळे त्यांच्या मिश्रणातून काढायचे. माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगांचा नकाशा १९३१ साली तयार झाला. १९९० साली टीव्हीसाठी जे प्रमाण ठरले, त्याला आमच्या धंद्यात 'रेक ७०९' म्हणतात. ते या नकाशातला जेमतेम ३६ टक्के भाग व्यापते. २०१२ साली त्याहून मोठे प्रमाण आले, ते सुमारे ७६ टक्के व्यापते, पण घरातले संच तिथवर पूर्ण पोचत नाहीत. सुदैवाने माती, लाकूड, माणसाची त्वचा आणि नेहमीचे बहुतेक कापड जुन्याच मापात बसते. बसत नाही ते मोरपिसातले ते चकाकते निळे-हिरवे. शिवाय धूपछाव साडी, जिच्यात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, ती पडद्यावर निम्मीच उतरते. कारण ती अंगावर हलते तेव्हाच तिचा रंग असतो. मोबाईलवर फोटो बघून साडी मागवणाऱ्या आणि आल्यावर कपाळाला हात लावणाऱ्या भगिनींनी विणकराला बोल लावण्याआधी हे लक्षात घ्यावे. अलीकडचे मोबाईलचे पडदे तर मुळातच भडक. त्यात रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पिवळट करणारी सोय चालू राहिलेली असेल, तर बघायलाच नको.

रंगाने फसवण्याची ही गोष्ट आजची नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या प्रभात कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत काढायचा घाट घातला. रंगीत प्रती करायचे काम थेट जर्मनीत केले, आणि एवढे करून रंग मनासारखे आलेच नाहीत. आपल्याकडे टीव्ही रंगीत झाला १९८२ साली, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वर्षी. आपण पाल नावाची पद्धत घेतली. ती जर्मनीत वाल्टर ब्रूख यांनी बसवली होती. अमेरिकेच्या पद्धतीत वाटेत गडबड झाली की माणसाचा चेहरा हिरवा नाहीतर जांभळा व्हायचा. तिथले इंजिनियर स्वतःच चेष्टेने म्हणत की या पद्धतीत दोनदा सारखा रंग कधीच मिळत नाही. म्हणून त्यांच्या संचावर रंगाची छटा फिरवायचे वेगळे बटण असे. पालमध्ये एकाआड एक ओळ उलटी पाठवतात, त्यामुळे दोन ओळींतल्या चुका एकमेकींना कापतात. छटा बिघडत नाही, रंग थोडा फिका पडतो एवढेच. म्हणून आपल्या जुन्या संचांवर 'कलर' असे एकच बटण असायचे. ते कुणीतरी शेवटपर्यंत पिळून ठेवलेले असायचे, कारण रंगीत टीव्ही घेतला तर रंग दिसायला नको?

हे सगळे ज्या कामात एकदम उपयोगी पडले ते काम आता सांगतो. बैलहोंगलकडचे एक काका आणि त्यांची मुलगी माझ्याकडे व्हीएचएस कॅसेट घेऊन आले. काका घरात कन्नड बोलणारे, त्यांच्या मंडळी खानापूरकडच्या, मराठी. कॅसेट त्यांच्या १९९१ च्या लग्नाची होती. मंडळी लवकर गेल्या, तेव्हा मुलगी चार वर्षांची. आता ती पुण्यात नोकरी करते. तिने बोलायला सुरुवात केली ती साधी होती, पण मला अजून तशीच्या तशी आठवते. 'सगळे म्हणतात मी आईवर गेले. पण घरात जेवढे फोटो आहेत, त्यात आई गोरीपान आहे. मी अशी. मग मी कुणावर गेले, सांगा.' तिचा रंग सावळा होता. काका खाली बघत बसले होते.

फोटो मी बघितले. स्टुडिओतले होते. त्या काळी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून आणि फ्लॅशचा मारा करून नवरी उजळ करून द्यायचे, आणि गिऱ्हाईकही त्यासाठीच पैसे मोजायचे. राहिली कॅसेट. ती लावली तर वेगळेच प्रकरण. सगळे चित्र तांबूस-पिवळे, मांडवातली माणसे गाजराच्या रसात बुडवून काढल्यासारखी, आणि नवरीच्या अंगावरची साडी शेवाळी. कॅमेरावाल्याने सकाळी अंगणात उन्हावर पांढरा रंग लावून घेतला असणार आणि मग त्याच मापावर मांडवात हॅलोजनखाली शूटिंग केले असणार. वर मांडवाला लाल-पिवळ्या कापडाचे छत. जवळून घेतलेल्या दृश्यांत तर लाईटवाल्या पोराने हजार वॅटचा दिवा सरळ तोंडावर धरलेला, चेहरा म्हणजे नाक-डोळे काढलेला पांढरा कागद.

व्हीएचएसची मूळ रचनाच काटकसरीची. उजेड-अंधाराचा तपशील आडव्या दिशेने सुमारे २४० रेघांचा, आणि रंगाचा जेमतेम ४० च्या आसपास. म्हणजे रेघा बारीक पेनाने काढायच्या आणि रंग भरायचा तो घर सारवायच्या कुंच्याने! त्यामुळे लाल पदर शेजारच्या करवलीच्या हातावर सांडलेला असतो. एक बरे की चुंबकीय पट्टीवरचा रंग कागदी फोटोसारखा वर्षागणिक विटत नाही. दाणे येतात, पांढऱ्या रेघा उमटतात, पण छटा जिथे होती तिथेच राहते. बिघाड ३० वर्षांचा नव्हता, त्याच दिवशीचा होता, आणि त्यामुळेच तो दुरुस्त करता येण्याजोगा होता.

दुरुस्तीसाठी दृश्यात एक तरी वस्तू अशी हवी, जिचा खरा रंग आपल्याला पक्का माहीत आहे. एरवी आम्ही पांढरी वस्तू शोधतो, कुणाचा सदरा, कुणाची टोपी. इथे पांढरे म्हणून जे जे होते ते हॅलोजनने पार जळले होते. आणि जळलेला पांढरा काहीच सांगत नाही. उजेड पिवळा असो की निळा, भांडे काठोकाठ भरले की सगळ्याचे पांढरेच दिसते. मधल्या उजेडातली, ओळखीच्या रंगाची वस्तू हवी होती. मी विचारले, 'साडी कुठल्या रंगाची होती?'

'गिळी हसिरु,' काका ताबडतोब म्हणाले.

मुलीने मावशीला फोन लावला. मावशी म्हणजे नवरीची सख्खी बहीण, कॅसेटमध्ये कलश घेऊन उभी आहे ती. ती म्हणाली, 'मोरपंखी. मीच गेले होते बस्त्याला.'

आपल्या वाचकांना सांगायला नको की इथे भाषांतराचा घोळ नव्हता. गिळी म्हणजे पोपट आणि मोराला कन्नडात नविलु म्हणतात. दोघेही आपापल्या पक्ष्याला धरून बसले. साडी इरकल होती, पदर लाल, यावर मात्र दोघांचे एकमत. आणि साडी आता कुठे आहे? काका म्हणाले, 'ती नेसून नेसून विरली. मग आमच्या अव्वानं कौदीत घातली.'

कौदी! आपल्या भागात वाकळ म्हणा, गोधडी म्हणा, प्रत्येक घरात असतेच. आजीच्या लुगड्यापासून नातवाच्या झबल्यापर्यंत सगळे तिच्यात असते. मी म्हणालो, 'काका, कौदी घेऊन या.'

पुढच्या रविवारी तिघेही आले, मावशी कौदी काखेत घेऊन. वरून बघितले तर साडीचा तुकडा ओळखूच येत नव्हता. धुऊन, उन्हात वाळवून, अंगाखाली घेऊन तो राखी-हिरवट झाला होता. पण ठिगळ लावताना बायका कापडाची कड आत दुमडतात. त्या दुमडीवर ऊन पडत नाही, घासही लागत नाही. मावशीने स्वतः ब्लेडने चार टाके उसवले आणि दुमड उलटली. आत बोटभर रुंदीची पट्टी होती, ओल्या पानासारखी हिरवी. शेजारच्या ठिगळातून लाल पदराची अशीच एक पट्टी निघाली. मुलीने त्या हिरव्या पट्टीवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

काका काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचे दिसत होते. मावशी मात्र हटेना. 'ही ती साडीच नव्हे,' म्हणाली. मग कॅसेटमधल्या काठाच्या पट्ट्या आणि कौदीतल्या काठाच्या पट्ट्या मोजून दाखवल्या, तेव्हा साडी तीच हे तिने मान्य केले. 'पण धुऊन निळा उतरला असंल, हिरवा तेवढा राहिला,' हे वर होतेच. आणि हा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. निळा-पिवळा मिसळून केलेल्या हिरव्यातला एखादा रंग आधी जाऊ शकतो.

पट्टी पडद्याला चिकटवून रंग जुळवता येत नाही. कापड दुसऱ्याच्या उजेडावर दिसते, पडदा स्वतःच उजेड देतो. त्यासाठी रंगांचे एक कार्ड मिळते, २४ चौकोनांचे. १९७६ साली ते निघाले आणि अजून त्यावर जगाचे काम चालते. त्यातले पहिले दोन चौकोन कुठल्या रंगांचे आहेत माहीत आहे? सावळी त्वचा आणि गोरी त्वचा. हे कार्ड आणि कौदीची ती दुमड शेजारी-शेजारी ठेवून मी खिडकीच्या उजेडात फोटो काढला. कार्डाचे आकडे ठरलेले असतात, त्यामुळे त्यावरून हिरव्याचे आणि लालचे आकडे मिळाले.

माझा संकलनाचा पडदाही दर महिन्याला मोजलेला असतो. त्यावर चिकटवायचे एक छोटे यंत्र मिळते, ते पडद्यावरचा प्रत्येक रंग मोजून सांगते की ठरल्यापेक्षा किती हुकला, आणि तेवढी दुरुस्ती कॉम्प्युटर लावतो. खोलीच्या भिंती मी राखी रंगाने रंगवल्या आहेत. आमचा रंगारी हळहळला होता, 'सर, स्मशानासारखं दिसतंय की!' पण भिंत गुलाबी असेल तर डोळा गुलाबीला सरावतो आणि पडद्यावर हिरवे वाढवतो. पडद्यामागे ६५०० केल्विनचा मंद दिवा असतो, एवढेच.

मग मांडवातल्या दूरच्या दृश्यांवर काम सुरू केले, जिथे हॅलोजन थेट पडला नव्हता. साडीचा हिरवा मोजलेल्या आकड्याकडे नेला, पदराचा लाल त्याच्या जागी आणला. शेवाळी साडी हळूहळू पोपटाच्या पंखासारखी झाली. पण मावशीचे समाधान कसे करायचे? त्यासाठी साक्षीदार हवा होता, आणि तो कॅसेटमध्येच होता.

आमच्याकडे व्हेक्टरस्कोप नावाची एक गोल तबकडी पडद्यावर दिसते. मध्यभागी बिनरंगी, आणि प्रत्येक रंगाची दिशा ठरलेली. घड्याळात ११ जिथे असतात, साधारण त्या दिशेने एक रेघ आखलेली असते. ती माणसाच्या त्वचेची रेघ. यातली गंमत अशी की गोरा असो, सावळा असो, काळा असो, युरोपातला असो की आपल्या हुक्केरीचा, योग्य उजेडात प्रत्येकाच्या त्वचेची छटा त्या रेघेच्या आसपासच पडते. कारण त्वचेला रंग देणाऱ्या गोष्टी सगळ्यांत त्याच, खालचे रक्त आणि वरचे मेलॅनिन. फरक पडतो तो कमी-अधिक उजेडाचा आणि कमी-अधिक गडदपणाचा, दिशेचा फारसा नाही. मी हे बोलायला लागलो की लोक मला कीर्तनकार समजतात, पण ही रोज डोळ्यांनी दिसणारी गोष्ट आहे.

साडी गिळी हसिरु धरली तेव्हा मांडवातल्या शे-दीडशे माणसांचे चेहरे त्या रेघेवर येऊन बसले. मग मावशीच्या समोरच साडी मोरपंखी धरून बघितली. साडी मोरपंखी करायची तर सगळ्या चित्रात निळा ओतावा लागतो. तो ओतला तसे भटजी, नवऱ्याचे मामा, पंगतीतली पोरे, सगळे जांभळट झाले, थंडीने गारठल्यासारखे. मावशी स्वतःचाच चेहरा बघून हसली. 'बरं बाई, पोपट तर पोपट.'

आणि या सगळ्या खटाटोपात, कुणी मुद्दाम काही न करता, नवरीचा चेहरा समोर आला. अक्षता पडताना, मान किंचित कलती. सावळी. तापलेल्या गव्हासारखा रंग, कपाळावरचे कुंकू त्यावर ठसठशीत. मुलगी खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेली. मी चित्र थांबवले. काका एवढेच म्हणाले, 'हिंग इद्दळु नोड्रि.' अशीच होती बघा.

इथपर्यंत कुणाचे भांडण नव्हते. ते झाले पुढच्या वाक्याला. मावशी म्हणाली, 'भाऊ, जरा उजळ करा की वो. बघणारे काय म्हणतील?' मुलीने मागे वळून बघितले. 'मावशी, तिला उजळ करून करूनच तर माझ्यापासून लांब नेलंत तुम्ही सगळ्यांनी.' मावशीचे डोळे भरले. तिच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. बहिणीला दोन स्थळांनी रंगावरून नाकारलेले तिने बघितले होते. ज्या फोटोंनी पुढे घोळ केला, ते फोटो त्या घराने बहिणीच्या मायेनेच तसे काढून घेतले होते.

'मुलीला जरा उजळ दाखवा' हे वाक्य ऐकले नाही असा माझा एकही हंगाम गेलेला नाही. नवऱ्या मुलाबद्दल मात्र कुणी तसे म्हणत नाही. आणि दोष एकट्या आपला नाही. कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून फोटोच्या प्रयोगशाळांना नमुन्याचे एक कार्ड पाठवायची, त्यावर एक गोरी बाई. तिच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा बरोबर आली की यंत्र बरोबर लागले, असा हिशेब. सावळ्या आणि काळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात कोळशासारखे यायचे. फिल्ममध्ये तपकिरी छटा सुधारली ती लाकडी सामान आणि चॉकलेट बनवणाऱ्या कंपन्यांनी कुरकुर केल्यावर, असे कोडॅकच्याच जुन्या माणसांनी सांगितले आहे. वेगवेगळ्या वर्णाच्या बायका असलेली कार्डे १९९० च्या दशकात आली. आता मोबाईलमधला कॅमेरा न विचारता गाल गुळगुळीत आणि रंग उजळ करतो. म्हणजे पेन्सिल फिरवणारा स्टुडिओवाला खिशात येऊन बसला आहे.

अलीकडच्या लग्नांत नवे संकट म्हणजे स्टेजवरचे रंगीत एलईडी दिवे. हॅलोजनच्या पिवळ्यात निळा कमी असला तरी असतो, त्यामुळे तो वाढवून घेता येतो. निव्वळ निळ्या एलईडीत लाल नावालाही नसतो. त्याखाली लाल शालू काळा दिसतो, आणि जे आलेच नाही ते मी कुठून आणू? मांडव ठरवताना एवढे जरूर सांगावे की नवरा-नवरीच्या तोंडावर समोरून पांढराच उजेड ठेवा, रंगांची होळी मागच्या पडद्यावर खेळा.

कॅसेटचे काम पूर्ण झाले, पण जवळून घेतलेली जळलेली दृश्ये तशीच राहिली. तिथे चेहऱ्याची माहितीच उरलेली नाही. कॉम्प्युटरकडून अंदाजाने चेहरा रंगवून घेता येतो हल्ली, पण मी तो रंगवला नाही आणि मुलीनेही मागितला नाही.

मावशीने पेन ड्राइव्ह घरच्या मोठ्या टीव्हीला लावला आणि संध्याकाळीच फोन केला. 'साडी विजेच्या दिव्यासारखी दिसतीया, आणि तोंड लाल.' मी समजलो. संच घेतल्या दिवसापासून 'व्हिव्हिड'वर होता. घरी जाऊन 'सिनेमा'वर आणून दिला. काही संचांवर 'फिल्ममेकर' नावाचे सेटिंग असते, २०२० पासून कंपन्यांनी ते द्यायला सुरुवात केली, तेही चालते. नातवाने लगेच हरकत घेतली, 'अंकल, सगळं पिवळं झालं.' त्याला म्हटले, दोन दिवस थांब, डोळा सरावेल. तो थांबला नाही. क्रिकेटच्या सामन्याला त्याने परत व्हिव्हिड केले. आता त्या घरात सामना असेल तेव्हा एक सेटिंग आणि आजीची कॅसेट असेल तेव्हा दुसरे, असा तह झाला आहे.

मुलीने अक्षतांच्या दृश्यातले ते एक चित्र फोटो म्हणून छापायला दिले. छापणाऱ्याने सवयीने चेहरा दोन छटा उजळ करून दिला, वर 'फुकट करून दिलंय' असेही सांगितले. तिने तो फोटो परत केला. दुसऱ्या खेपेला देताना पाकिटावर मराठीत आणि कन्नडात, दोन्ही लिप्यांत लिहून दिले, 'रंगाला हात लावू नये.'